समोरचा कोपरा

जिल्ह्याच्या मुलींच्या कबड्डी संघात डाव्या कोपऱ्याची एकच जागा मला निवडायची उरली होती. उमरठच्या एका मुलीचा खेळ मी वर्षभर बघतेय. घोटा छान धरते, पण घाई करते आणि चढाई करणारी निसटते. पोलादपूरच्या निवड चाचणीत, पहिल्या सामन्यात दोनदा तेच झालं. मी तिला जवळजवळ वगळलंच होतं.

सामन्याआधी आपल्या कोपऱ्यातले खडे वेचायची तिची सवय आहे. दुसऱ्या सामन्याआधी मात्र ती समोरच्या संघाच्या बाजूलाही खडे वेचताना दिसली.

"काय गो, त्यांचं अंगणपण तूच झाडतेस?" मैत्रिणी हसल्या.

"मध्यंतरानंतर बाजू बदलली की इथं मीच उभी राहनार हाय ना," ती मान वर न करता म्हणाली.

घाई सरावाने जाते. मी ती जागा तिला दिली आणि उद्यापासून सरावाला तासभर आधी यायला सांगितलं.