मागच्याने बोलायचं

“त्याला कधी साधा ताप आला नाही हो. मीच आदल्या दिवशी मातीच्या गोण्या उचलायला लावल्या…”

सुनंदाकाकू स्वयंपाकघरात कोणाला तरी सांगत होत्या. मी दाराजवळ आलेल्या माणसांचे बूट आणि जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, जोडीने लावत होते. बाहेरच्या खोलीत बुद्धवंदना नुकतीच संपली होती, पांढऱ्या कपड्यांतली माणसं हळू आवाजात बोलत होती. मिलिंदकाकांना जाऊन तीन दिवस झाले होते. काकू ज्यांच्याशी बोलत होत्या त्या बाई म्हणाल्या, “असं मनाला लावून घेऊ नका. निदान स्पेन तरी बघून आले.” माझ्या हातात एक बूट होता. मी त्याचा जोडीदार शोधत राहिले. तो माझ्या समोरच होता.

बातमी मला कामावर कळली होती. इथे न्यूझीलंडमध्ये, हॅमिल्टनच्या एका लॅबमध्ये मी दुधाचे नमुने तपासते, त्या शनिवारी माझी पाळी होती. काकांच्या मुलीचा फोन आला. तिला मराठी सगळं समजतं, पण ती इंग्रजीतच बोलते. तिने तीन छोटी वाक्यं सांगितली. सकाळी, गॅरेजमध्ये, सायकलच्या चाकात हवा भरताना. हार्ट ॲटॅक. मी ‘ओके’ म्हटलं, फोन ठेवला आणि उरलेल्या नमुन्यांना लेबलं लावली. एकही लेबल चुकलं नव्हतं, हे मी नंतर तपासून पाहिलं. का पाहिलं, माहीत नाही.

मिलिंदकाका बाबांचे कॉलेजातले मित्र. पुण्याहून मी इथे आले तेव्हा पहिलं वर्ष गावाच्या कडेला, रोटोटुनाला, त्यांच्याच घरी राहिले. पुण्यात शाळा इंग्रजी माध्यमाची, घरी मराठी, आणि मी दोन्हीकडे गप्प. इथे येऊन त्यात काही फरक पडला नाही. जेवताना काकू प्रश्न विचारायच्या, मी ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचे. काकांनी मला बोलतं करायचा प्रयत्न कधीच केला नाही. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी गॅरेजमधून मुलीची जुनी सायकल काढली, सीट माझ्या उंचीला बसवली आणि म्हणाले, “हिला घंटी नाहीये. लावू नकोस. ती तुझ्यापेक्षा जास्त बोलेल.”

रोटोटुनाच्या बाहेर पडलं की थोड्या वेळात घरं संपतात आणि सपाट रस्ते सुरू होतात. दोन्ही बाजूंना गाई, कुंपणं, वारा. समोरून वारा असला की सायकली एकामागे एक चालवायच्या, म्हणजे मागच्याला कमी वारा लागतो. थोड्या वेळाने जागा बदलायच्या. काकांचा यात एकच नियम होता. “पुढचा रस्ता बघतो. मागचा पुढच्याला बघतो. पुढच्याला मागचं काही दिसत नाही, म्हणून मागच्याने बोलायचं. गाडी आली, बोलायचं. चाक डगमगलं, बोलायचं. लाजायचं नाही.” पहिल्या दिवशी मागून दुधाचा टँकर आला तेव्हा मी ‘गाडी’ म्हणाले. टँकर शेजारून गेला तसे काका दचकून गवतात उतरले. “मनातल्या मनात ओरडलीस का गं?” मी हसले. त्यांनी मला रिकाम्या रस्त्यावर पाच वेळा ओरडायला लावलं. गाईंनी माना वर करून पाहिलं. नंतर आम्ही एका डेअरीत, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानात, थांबून गरम पाय-पेस्ट्र्या खाल्ल्या आणि त्यांनी दुकानदाराला सांगितलं, “धिस गर्ल इज व्हेरी लाउड.”

स्पेनची कल्पना त्यांचीच. उत्तरेकडच्या पठारावर मैलोन्‌मैल सपाट शेतं आहेत आणि मधून एक जुना कालवा जातो. त्याच्या काठाने सायकल चालवता येते, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. सगळे हसले. काकू म्हणाल्या, “एवढं लांब जायचं ते रिकामं शेत बघायला? ना समुद्र, ना डोंगर.” काकांचं लहानपण परभणीकडच्या एका गावात गेलं होतं. ते म्हणाले, “डोंगरात माणूस डोंगराकडे बघतो. सपाटीवर बघायला काही नसतं, मग नुसतं चालवणं उरतं.” काकूंच्या गुडघ्यांना सायकल जमत नव्हती. मग त्यांनीच मला सांगितलं, “तू जा गं त्याच्याबरोबर. कोणीतरी लक्ष ठेवायला हवं.”

आम्ही मागच्या सप्टेंबरात गेलो. गहू कापून झाला होता. पिवळे खुंट, वाळून काळी पडलेली सूर्यफुलं, मातीच्या भिंतींचे कबुतरखाने. गावाचा घंटेचा मनोरा तासभर आधी दिसायचा आणि जवळच येत नसे. दुपारी सगळं बंद. पाणी आधीच भरून घ्यावं लागे. काका प्रत्येक गावात म्हाताऱ्यांना ‘किया ओरा’, म्हणजे आमच्याकडचा माओरी नमस्कार, म्हणायचे. स्पॅनिश येत नाही तर निदान हे तरी, असं त्यांचं म्हणणं. एका गावात पत्ते खेळणाऱ्या आजोबांनी जाताना तसंच उत्तर दिलं, तर काका पुढे संध्याकाळपर्यंत खूश. रात्री ते एका लहान वहीत दिवसाची हकिगत लिहीत. अर्धं पान, कधी एक.

पाचव्या दिवशी वारा समोरून होता. काका पुढे, मी मागे. बराच वेळ फक्त त्यांची पाठ आणि कालव्याकाठची उंच झाडं. मग त्यांचा डावा हात हँडलवरून सुटला, छातीवर गेला, परत आला. थोड्या वेळाने पुन्हा. त्यांनी खांदा झटकला. वेग कमी झाला. माझ्या तोंडात शब्द आला होता, ‘थांबूया’. पण वाटलं, त्यांना अवघडल्यासारखं होईल… बॅगेचा पट्टा रुतत असेल… मी बोलले नाही. पुन्हा एकदा हात गेला. मी तेव्हाही बोलले नाही. शेवटी ते स्वतःच थांबले आणि झाडाखाली बसले. चेहरा राखेसारखा झाला होता. मी पाणी दिलं. ते म्हणाले, “ॲसिडिटी. सकाळचं ऑम्लेट तेलात पोहत होतं.” जरा वेळाने, “सुनंदाला सांगू नकोस हं. उद्याच्या उद्या परत बोलवेल.” मी म्हटलं, “बरं.”

संध्याकाळी ते नीट जेवले, विनोद केले. परत आल्यावर काही आठवडे मी रविवारी त्यांच्या मागे सायकल चालवताना त्या डाव्या हाताकडे बघत राहिले. हात हँडलवरच असायचा. डॉक्टरकडे गेलात का, हे विचारायचं मी दर रविवारी ठरवायचे. मग मी बघणंही सोडलं.

त्यांच्या जाण्याला आता सहा आठवडे झाले. मी अजून रडलेले नाही. या काळात काकूंना मी गोण्यांबद्दल निदान दहा जणांशी बोलताना ऐकलं. फोनवर, दारात, भाजी चिरताना. दर वेळी मी त्याच खोलीत किंवा शेजारच्या खोलीत होते. सांगितलं तर काकू माझ्याकडे पुन्हा पूर्वीसारखं बघतील का, या विचाराशी येऊन मी थांबायचे. इथे मला त्यांच्याशिवाय कोणी नाही.

गेल्या रविवारी त्यांनी मला गॅरेज आवरायला बोलावलं. काकांची सायकल भिंतीला टेकून होती. पंप अजून पुढच्या चाकाला तसाच लावलेला होता, कोणी काढलाच नव्हता. हँडलच्या बॅगेत काकूंना ती वही सापडली. उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसून त्या मोठ्याने वाचू लागल्या. कबुतरखान्यांवर हसल्या. पत्तेवाल्या आजोबांचं दोनदा वाचलं. मग पान उलटलं. “पाचवा दिवस. वारा समोरून. झाडाखाली बसलो. नेहाने पाणी दिलं.” त्या थांबल्या. “एवढंच? वारा होता म्हणून बसला? हा वाऱ्यासाठी बसणारा माणूस नव्हता.”

मी पंपाकडे बघत होते. कोपऱ्यात मातीच्या गोण्या होत्या, न फोडलेल्या. काकूंचं लक्ष तिकडे गेलं. “त्या तेवढ्या कोणाला तरी देऊन टाक गं,” त्या म्हणाल्या. “मला बघवत नाहीत. मी सांगितलं नसतं तर…”

“काकू,” मी म्हटलं. आवाज गॅरेजच्या मानाने फार मोठा निघाला. “गोण्यांमुळे नाही झालं. त्या पाचव्या दिवशी सायकलवर त्यांचा हात छातीवर जात होता. दोनदा नाही, तीनदा. मी मागेच होते. मला दिसत होतं.”