अर्धी भिंत लाकडाची

ताईचा फोन आला तेव्हा मी पेन हातात घेऊनच बोलायला बसले. मी लोणावळ्याहून तिच्याकडे टाकव्याला जायच्या आधी काय काय आणायचं ते ती सांगते आणि मी लिहून घेते, ही आमची जुनी पद्धत. ती म्हणाली, "काय बी आणू नको. तू ये फक्त." मागून बायकांचे आवाज येत होते... दाजी झोपेतच गेले होते. तेव्हा श्रावण निम्मा झाला होता. आता दसराही होऊन गेला.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. जन्मभर कारखान्यात फिटर. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. चालणं परत आलं, बोलणं परत आलं, उजवा हात मात्र मांडीवर पडून राहिला. व्यायामासाठी दिलेला रबरी चेंडू ते बाजूला सारायचे. "मेव्हणीबाई, चेंडू दाबून कुनाचं घर चाललंय? काम द्या कायतरी."

काम मी शोधलं. त्यांच्या पुढच्या खोलीतल्या एका भिंतीचे पोपडे निघाले होते. ती लाकडी फळ्यांनी मढवायची असं ठरवलं. दवाखान्यानंतर सुतार परवडणारा नव्हता. पण कारखान्यांत माल येतो त्या खोक्यांच्या फळ्या भंगारवाल्याकडे स्वस्त मिळतात. मी त्या निवडून टेम्पोत घातल्या, स्क्रू आणि पॉलिश पेपर आणले, वेळापत्रक आखलं. होळीनंतर सुरुवात, पावसाआधी शेवट. पुढच्या खेपेला गेले तर अंगणात एक फळी नाही.

"वढ्याच्या डोहात घातल्यात," दाजी शांतपणे म्हणाले. "कीड लागती लाकडाला. आमचा बा बांबू असाच भिजवायचा."

"अहो दाजी, भट्टीत वाळवून आलेल्या फळ्या त्या!"

"मंग आता आंघोळ झाली त्यांची."

ताई पदर तोंडाला लावून हसत होती. फळ्या करड्या पडल्या, आणि त्या पुन्हा वाळेपर्यंत निम्मा उन्हाळा गेला.

मग मात्र काम चाललं. भिंतीवर उभ्या पट्ट्या मी ठोकून घेतल्या, फळ्या दाजींनी लावायच्या, जमिनीपासून वर. डाव्या हातानं फळी धरायची, उजव्यात स्क्रूड्रायव्हर. पहिली ओळ त्यांनी बसूनच लावली, ताईनं कोपराला आधार दिला. पुढे स्टुलावर बसून, मग उभ्यानं. प्रत्येक ओळीला हात थोडा वर न्यावा लागायचा, आणि जायचा! "कमरंच्या वर आलो बघा," ते मला फोनवर सांगायचे. शेवटच्या ओळीपर्यंत पोचायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. "तितवर हात गेला का केस माझे मी विंचरनार. तुमची ताई भांग लय वाकडा पाडती."

फळ्या त्यांच्या खांद्याच्या जरा खाली आल्या आणि पाऊस लागला. भिंतीला हात लावला तर बोटं ओली. मी काम थांबवलं, उरलेल्या फळ्या प्लॅस्टिकखाली झाकल्या.

"दोन-चार वळी तरी लावू द्या," दाजी म्हणाले. "हात चालतोय तवर."

"आतून बुरशी येईल दाजी. लाकूड कुजेल. दसऱ्यानंतर करू."

"लाकडाचं काय घिऊन बसलाय..." ते म्हणाले, आणि स्क्रूड्रायव्हर डब्यात ठेवून दिला. नंतर ताई फोनवर सांगायची, हात पुन्हा मांडीवरच असतो. मी म्हणायचे, दसऱ्यानंतर.

माझं म्हणणं बरोबर होतं. परवा उरलेल्या फळ्यांवरचं प्लॅस्टिक काढलं. एकीलाही डाग नाही, बुरशी नाही. त्या कोरड्या, धडधाकट फळ्यांकडे बघत मी किती तरी वेळ उभी राहिले.

सुतार बरोबर आणला होता. अर्धवट काम मला बघवत नाही. त्यानं माप घ्यायला टेप काढली तशी ताई स्वयंपाकघरातून आली आणि भिंतीपुढे उभी राहिली. "ऱ्हाऊ दे."

"अगं, अर्धीच दिसते."

"त्यांचा हात जितवर गेला तितवर हाय ती. वर कुनी न्यायची न्हाई."

मी सुताराला चहा देऊन परत पाठवलं. तेवढ्यात शेजारच्या मावशी डोकावल्या. भिंतीकडे बघून म्हणाल्या, "निम्मीच का गं केली?"

ताई भिंतीपुढून हलली नाही. म्हणाली, "फॅशन हाय तशी."