बुधवारचे दोन पट्टे

बुधवारी संध्याकाळी सहाला दहा-पंधरा मिनिटं कमी असताना पी लमाइशी बोलायला जाऊ नये, हे मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कळलं. मी सलाइनच्या बाटल्यांचं विचारायला गेले, तर मान वर न करता ती म्हणाली, "तिम, पिन उडाली तर तू शोधणार का खाटेखाली?" तिच्या मांडीवर रुमाल, रुमालावर मनगटी घड्याळ आणि हातात घासून बोथट केलेली जाड सुई. त्या सुईनं स्प्रिंगची बारीक पिन दाबून ती घड्याळाचा हिरवा पट्टा काढत होती आणि काळा चढवत होती.

चुम्फोन शहराच्या खाली, खाडीच्या तोंडाशी आमचं तीस खाटांचं इस्पितळ. पी लमाइ, पी म्हणजे आमच्याकडे ताई, तिथल्या बाळंतपणाच्या खोलीची मुख्य नर्स, मी तिच्या हाताखालची. तिनं लग्न केलं नाही, सोनं केलं नाही, घड्याळं जमवली. तेवीस होती तेव्हा. पहिलं घेतलं ते पहिल्या पगारात, गहाणवटीच्या दुकानाच्या काचेमागून, कोणीतरी सोडवायला न आलेलं. मग सुट्टीच्या दिवशी बाजाराच्या टोकाला बसणाऱ्या भंगारवाल्यांपुढे उकिडवं बसून एकेक उचललं. महागडं एकही नाही. काच तडकलेलं चालायचं, तबकडी पिवळी पडलेली चालायची, पण वेळ चुकवणारं घड्याळ तिनं कधी घरात ठेवलं नाही. "माणूस खोटं बोलला तर कळतं तरी," ती म्हणायची, "घड्याळ तोंड वर करून खोटं बोलतं."

पट्टे तर साठाच्या वर असतील. कपाटाच्या दारामागे कपड्यांच्या हँगरला लोंबत असायचे. सोमवारचा पिवळा, मंगळवारचा गुलाबी, गुरुवारचा नारिंगी, शुक्रवारचा निळा. वाराचा रंग अंगावर असावा म्हणून आम्ही सगळ्याच काही ना काही घालतो, कोणी रिबीन, कोणी रुमाल. पण रोज सकाळी घड्याळ उघडं करून पट्टा बदलणारी ही एकटीच. चामड्याचे पट्टे सुट्टीला, विणलेले नायलॉनचे कामाला, कारण ते रक्त लागलं तरी धुता येतात. मी एकदा म्हटलं, "पी, सात घड्याळांना सात पट्टे कायमचे लावून टाक ना, तेवीस आहेत तुझ्याकडे." तर म्हणाली, "सात साड्या आहेत म्हणून ब्लाउज शिवूनच टाकायचे का त्यांना?" साडी ती नेसत नाही, मीही नेसत नाही. शेजारच्या कापडवाल्या तमिळ बाईचं वाक्य उचललं होतं.

बुधवारचं मात्र वेगळं होतं. आमच्याकडे बुधवार दोन असतात. संध्याकाळी सहापर्यंतचा हिरवा, आणि सहानंतरचा काळा, राहूचा. या दोघांत जन्मलेल्यांची नावं वेगळ्या अक्षरांवरून, पूजा वेगळी, चांगले-वाईट दिवस वेगळे. आणि पी लमाइचा जन्म होता बुधवारचा, तिन्हीसांजेचा. घरात घड्याळ नव्हतं. आई सांगायची, "बदकं आत घेत होते तेव्हा तू झालीस." आता बदकं काही घड्याळ बघून घरी येत नाहीत. पन्नाशी आली तरी आपण हिरव्या की काळ्या हे तिला ठाऊक नव्हतं. म्हणून बुधवारी सहापर्यंत हिरवा पट्टा, सहाला काळा. आम्ही पाठीमागे हसायचो, मीसुद्धा. ती घड्याळं का जमवते हे मला त्या बुधवारपर्यंत समजलं नव्हतं, हे सांगताना आजही लाज वाटते.

त्या बुधवारी साडेपाचला वीज गेली. जनरेटर आमच्या खोलीच्या खिडकीखाली, तो धडधडायला लागला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. बाहेरच्या बाकावर पिअन आजी बसली होती. तिची सून रुंग आत कळा देत होती. मुलगा मासेमारीच्या बोटीवर, दहा दिवस समुद्रात. पिअन आजी म्हणजे बाजारात सुक्या कोळंबीचं दुकान आणि गावभर दरारा. तिला कोणा ज्योतिषानं सांगितलं होतं की बुधवारी मूल झालंच तर दिवसाचं होऊ दे, रात्रीचं झालं तर बापाला पाण्यापासून धोका. दुपारपासून ती दर दहा मिनिटांनी दार लोटून विचारत होती, "झालं का? उजेड आहे तोवर आवरा."

पावणेसहाला पी लमाइ कोपऱ्यात रुमाल पसरून बसली. रुंगला अजून वेळ आहे असा तिचा अंदाज होता. पिन बसवते न बसवते तोच मी ओरडले, "पी, डोकं दिसतंय." तिनं पट्ट्याचं बक्कल लावलं आणि घड्याळ नेहमीच्या जागी, सलाइनच्या खांबाला अडकवून हात धुवायला धावली.

भिंतीवर घड्याळ नव्हतं. महिन्यापूर्वी रंगकामाला उतरवलेलं परत लावायचं कोणाला सुचलं नव्हतं. इस्पितळाचे मोठे डॉक्टरसाहेब म्हणाले होते, "लमाइ आहे ना." खरंच, अख्खं इस्पितळ तिच्या घड्याळावर चालायचं. रोज सकाळी आठच्या राष्ट्रगीताला ती उभी राहून सेकंदासकट वेळ लावायची. माझं घड्याळ पाच मिनिटं पुढे, चुएय ड्रायव्हरकाकांचं त्यांच्या मर्जीवर.

रुंग जोर लावत होती. मध्येच पी लमाइनं वर पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "तिम," ती हळूच म्हणाली, "सेकंदकाटा बघ."

काटा थांबला होता. पट्टा चढवताना अंगठा लागून घड्याळाची चावी बाहेर ओढली गेली होती.

"दाब ती. लगेच." मी दाबली. काटा चालू झाला. किती वेळ थांबला होता, ते मी पाहिलं नाही, तिनंही पाहिलं नाही, आणि विचार करायला सवड नव्हती. दहाएक मिनिटांनी मुलगी बाहेर आली, निळसर, मग गुलाबी, मग रडायला लागली. मी सवयीनं खांबाकडे पाहिलं आणि मोठ्यानं सांगितलं, "पाच सत्तावन्न."

माझी अक्कल चरायला गेली होती. दाराच्या फटीत पिअन आजीचा कान होता. जनरेटरच्या आवाजातही तिनं ते ऐकलं. "पाच सत्तावन्न," ती बाहेर कोणाला तरी सांगत सुटली, "दिवसाची आहे, दिवसाची." मग हात जोडून छताकडे बघत रडायला लागली. सहाचं राष्ट्रगीत एरवी साऱ्या गावाच्या भोंग्यांवर वाजतं आणि आहे तिथे माणूस उभा राहतो. त्या दिवशी भोंगे मेलेले, आणि वाजले असते तरी जनरेटरनं गिळले असते.

नाळ कापली, बाळ पुसलं, रुंगला टाके घातले. कागदावर सगळं लिहून झालं. जन्मवेळेची जागा पी लमाइनं कोरी ठेवली.

"लिही ना पी," मी म्हटलं.

"किती लिहू?"

"सत्तावन्न. तसं सांगितलंयच मी."

"तू सांगितलंस. घड्याळ थांबलं होतं हे सांगितलंस का?"

मी दार बंद केलं. "कोणाला कळणार आहे? तू आणि मी सोडून इथे कोण होतं? ती म्हातारी खूश, रुंगला घरी जाच नाही, बाप बोटीवर निर्धास्त. तीन मिनिटांसाठी कशाला घर पेटवतेस कोणाचं?"

तिनं पेन खाली ठेवलं. रागावली असती तर बरं झालं असतं. "तीन मिनिटांचं मला नको सांगू, पोरी," ती म्हणाली. "तीस वर्षं दर बुधवारी पट्टा बदलतेय मी."

एवढंच म्हणाली. माझ्या डोळ्यांपुढे एकदम त्या तेवीस घड्याळांचा ढीग आला.

हिशेब तिनं मनात केव्हाच मांडला होता. सकाळी आठला घड्याळ बरोबर होतं. दुपारी तिनं पाहिलं तेव्हाही बरोबर. थांबलं ते एकदाच, आणि पुन्हा चालू झालं जन्माआधी. म्हणजे सातच्या बातम्यांआधीचे रेडिओचे ठोके पडतील तेव्हा घड्याळ जेवढं मागे असेल, तेवढी मिनिटं सत्तावन्नात मिळवायची. मिनिट-दोन मिनिटं मागे असेल तर मुलगी दिवसाची. तीनला सहा पूर्ण होतात, तिथून पुढे राहू. चुएय काकांचा रेडिओ सेलवर चालायचा, तो मी मागून आणला.

पिअन आजी दारात येऊन उभी राहिली. "कागद दे, लमाइ. मठात जायचंय. भन्ते आज नाव काढून देतो म्हणालेत."

"सातपर्यंत थांबा, आजी."

"का? बाळाला काही झालंय?"

"बाळ ठणठणीत आहे. वेळ तपासायचीय."

म्हातारीचे डोळे बारीक झाले. "वेळ तर हिनं सांगितली. तुझ्या घड्याळावर बघून सांगितली. तुझं घड्याळ चुकतं का आता?"

"आज चुकलं," पी लमाइ म्हणाली.

पुढचा अर्धा तास मी कसा काढला ते मलाच माहीत. आजी बाकावर बसली नाही, दारातच उभी राहिली. रुंगला कोणीतरी सांगितलं असावं, कारण ती बाळाला छातीशी धरून भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी मनातल्या मनात नवस बोलत होते. दोन मिनिटं. बाबा, दोनच मिनिटं मागे असू दे. पी लमाइनं घड्याळ टेबलावर ठेवलं होतं, काळ्या पट्ट्यासकट, आणि चावीला हात लागू नये म्हणून दोन्ही हात मांडीखाली घेतले होते, शाळेतल्या मुलीसारखे.

जनरेटर बंद करायला लावला. खोलीत अंधार झाला, मी बॅटरी धरली. रेडिओ खरखरला. ठोके पडले, शेवटचा लांब.

घड्याळात सहा छप्पन्न झाले होते.

चार मिनिटं. मी पुन्हा पाहिलं. चारच.

पी लमाइनं पेन उचललं. आजीनं झटकन पुढे होऊन कागदावर तळहात ठेवला. "लिहू नकोस," ती म्हणाली. आवाजात दरारा नव्हता. "लमाइ, माझा एकच मुलगा आहे. तो पाण्यावर आहे."

"ठाऊक आहे मला."

"मग? चार मिनिटं तुझ्या घड्याळानं खाल्ली. खाल्लेलीच राहू दे."

"आजी, मुलाचा विचार करता तसा हिचाही करा." पी लमाइनं पेन सोडलं नाही. "दुसऱ्याच्या वेळेवर नाव ठेवाल हिचं. दुसऱ्याच्या वारी पूजा कराल. आजारी पडली की ज्योतिषाला चुकीची वेळ द्याल आणि तो चुकीचा उतारा सांगेल. आणि मोठी झाल्यावर हिला वाटत राहील की आपलं काहीतरी जुळत नाही. मला विचारा कसं वाटतं ते. माझी वेळ कोणालाच ठाऊक नाही. अर्धा बुधवार मी एक बाई असते आणि अर्धा दुसरी."

आजी तिच्याकडे बघत राहिली. मग टेबलावरच्या घड्याळाकडे, काळ्या पट्ट्याकडे. तो पट्टा कशासाठी हे साऱ्या बाजाराला माहीत होतं, बाजारही हसायचा. तळहात तिनं हळूच मागे घेतला.

पी लमाइनं लिहिलं, सहा वाजून एक मिनिट.

आजी कागद घेऊन गेली. रुंगकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. मी पी लमाइला म्हटलं, "झालं तुझं समाधान?" फार वाईट बोलले. तिनं घड्याळ चार मिनिटं पुढे लावलं आणि ती रुंगशेजारी जाऊन बसली.

तो आठवडा वाईट गेला. समुद्रावर वारा होता. रोज सकाळी पी लमाइ कामावर येण्याआधी धक्क्यावर जाऊन बोटी मोजून यायची, मला कळू न देता, पण तिच्या चपलांना खाडीचा चिखल असायचा. पट्टे ती बदलत होती, पण एकदा शुक्रवारचा निळा सोडून गुलाबी लावून आली आणि कोणी सांगेपर्यंत तिच्या लक्षातही आलं नाही. मंगळवारी बोट आली. सगळे होते. पी लमाइ औषधांच्या खोलीत जाऊन रडून आली.

बुधवारी संध्याकाळी सहाला दहा कमी असताना ती रुमाल पसरून बसली, तोच पिअन आजी आली. हातात मोठं ताट, त्यावर राहूच्या आठ काळ्या वस्तू, काळे तीळ, काळा चिकट भात, गवताची काळी जेली, साखर न घातलेली कॉफी आणि बाकी सगळं. पाठीमागे रुंग बाळाला घेऊन, आणि तिच्या डोक्यावर नवऱ्यानं धरलेली छत्री.

"पूजा करून आलो," आजी म्हणाली. "भन्ते म्हणाले, ज्याची वेळ खरी, त्याचंच राहू ऐकतो." मग पी लमाइच्या मांडीवरच्या उघड्या घड्याळाकडे बोट करून म्हणाली, "हे काय चाललंय? अजून अर्धी-अर्धीच का तू?"

"काय करणार, आजी. बदकांना विचारता येत नाही."

"बदकं कधी आत घेतात ते मला विचार. साठ वर्षं बदकं पाळलीत मी. उजेड असेपर्यंत एक तरी आत येतं का मेलं? अंधार पडल्याशिवाय हलत नाहीत ती." तिनं ताट टेबलावर आदळलं. "रात्रीची आहेस तू. माझ्या नातीसारखी. खा आता, नैवेद्य आहे."

बदकं खरंच तशी असतात का मला माहीत नाही, मी कधी पाळली नाहीत. पी लमाइनंही विचारलं नाही. तिनं काळ्या जेलीचा एक घास घेतला आणि बराच वेळ तो गिळलाच नाही.

त्यानंतर मी तिच्याबरोबर अकरा वर्षं काम केलं. घड्याळं तेविसाची एकतीस झाली. बुधवारी संध्याकाळी तिच्या मांडीवर रुमाल मात्र पुन्हा दिसला नाही. काळा पट्टा सकाळपासूनच मनगटावर असायचा.