तारेत उरलेली पत्रं

समजा, तुम्हाला आईच्या आईचं नाव शोधायचं आहे. सासरी ठेवलेलं नाही, जन्माचं. मग तिच्या भावांची नावं, ते कुठे राहत होते, त्यांना काय दुखत होतं. वडिलांकडची नावं सातबाऱ्यावर सापडतील. आईकडची कुठे शोधाल? आणि हे हौस म्हणून नाही, पोराच्या डोळ्यांसाठी हवं असेल तर?

म्हसळ्यात ब्लाउज शिवणाऱ्या केसरताई पावसाळा संपल्यापासून हेच करत आहेत. त्यांचा थोरला मुलगा सुजित वेल्डर, वय बावीस. मे महिन्यात त्याच्या उजव्या डोळ्यापुढे धुरकट डाग आला. वेल्डिंगची झळ लागली असेल म्हणून घरी गुलाबपाणी घातलं, गावच्या डॉक्टरांनी थेंब दिले. गणपतीपर्यंत डावा डोळाही गेला. दुखलं काहीच नाही. मोबाइलच्या पडद्यावर मधोमध अंगठा ठेवला की जसं कडेकडेचंच दिसतं, तसं त्याला दिसतं. दारात कुणीतरी उभं आहे हे कळतं, कोण ते कळत नाही.

मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा दोष आईकडून मुलाला येतो, तिला तिच्या आईकडून आलेला असतो. बायकांना बहुधा काही होत नाही, पुरुषांपैकी काहींची नजर जाते. काही घराण्यांत वर्षा-दोन वर्षांनी थोडी नजर परत येते, काहींत येत नाही. "रक्तात या दोषाचा नेहमीचा प्रकार सापडला नाही," ते म्हणाले. "तुमच्या आजोळी कुणाला असं झालं होतं का बघा. पुढे काय झालं ते कळलं तर आम्हालाही अंदाज येईल."

तोवर सुजितने पांढरी काठी घेऊन चालायला शिकावं, असंही त्यांनी सांगितलं. काठी अजून प्लास्टिकमध्येच आहे.

"परत दिसणार असेल तर काठी कशाला?" सुजित म्हणतो. "आणि दिसणार नसेल तर तसं सांग, आई. उगाच वाट बघायला लावू नको."

तो अंथरुणातून उठत नाही. केसरताईंनी शिलाई मशीन त्याच्या खोलीत आणून ठेवलं आहे. त्याला एकटं सोडायची त्यांना भीती वाटते. धाकटा ऋत्विक सतरा वर्षांचा. त्याने नुसते डोळे चोळले तरी त्यांचा मशीनवरचा पाय थांबतो.

केसरताईंची आई कोकिळा वारली. उरला भाऊ शिवदास. पूर्वी आलेली पत्रं वाकड्या तारेत ओवून खुंटीला टांगत. आईने तिच्या आईची अशी एक तार माळ्यावर ठेवून दिली होती; शिवदास ती तशीच घेऊन आला.

"तायडे, आजीच्या माहेरची माणसं ही. भात झाला, भांडण झालं, म्हैस व्याली. चौथं काही निघालं तर मी मिशी काढतो."

"तू वाच. मिशीचं मी बघते."

पत्रं त्यांच्या आईच्या आईला, ठमीला आलेली. तळा गावाजवळच्या तिच्या माहेराहून थोरला भाऊ लिहायचा. एका कार्डावर भाचीच्या बारशाची खबर होती आणि खाली: "चि. रघूस डोळ्यांपुढे धूर दिसतो. कापणीत विळा बोटावर आला. दुखत काही नाही."

रघू म्हणजे ठमीचा धाकटा भाऊ. शिवदास थांबला. सुजित अंथरुणात उठून बसला.

"मामा, पुढचं वाच."

पुढचं पत्र दोन वर्षांनंतरचं, लग्नाचं. मधलं एकही नव्हतं. शिवदासने तार उलटसुलट करून पाहिली. केसरताईंना मात्र शोधायची गरज नव्हती. वाईट खबर वाचली की फाडून टाकायची, घरात ठेवायची नाही, ही रीत त्यांना ठाऊक होती. मरणाचीच नाही, दुखण्याखुपण्याची पत्रंही आजी फाडायची, नंतर आईही. बारशाची खबर सोबत होती म्हणून ते एक कार्ड राहून गेलं असावं.

लग्नाच्या पत्रात शेवटी एक ओळ होती: "बैल घेतला. रघूनेच पसंत केला."

"म्हणजे दिसायला लागलं होतं," सुजित म्हणाला. कितीतरी दिवसांनी त्याचा आवाज चढला होता.

दुसऱ्या दिवशी शिवदासला सुजितजवळ बसवून केसरताई तळ्याकडे गेल्या. रघूला मूलबाळ नव्हतं. घरात थोरल्या भावाची सून सोनाबाई वाल सोलत बसली होती.

"पन्नास वर्सांत कुनी फिरकलं न्हाय," सगळं ऐकून ती म्हणाली, "आन् आता आलीस ती मेलेल्या मान्साचे डोळे इचारत. बस. च्या घे आधी."

"तुम्ही त्यांना पाहिलंत?"

"न्हाय. मी लगीन होऊन आले तवा रघूकाका जाऊन वरीस झालेलं. सासूबाई सांगायच्या, डोळ्यांनी अधू व्हते. पर शेतावर एकले जायचे."

"मग थोडं दिसत असणार."

"पायाखालची वाट ती. न दिसनारा बी जाईल."

"बैल त्यांनी पसंत केला होता."

"बैल हातानं कळतो, बाय. पाठीवरनं हात फिरवायचा, दात चाचपायचे, चालताना खूर ऐकायचे." सोनाबाईचे हात वालावर थांबले. "न्हायतर बघून बी घेतला आसंल. मी काय सांगू?"

"आमच्या आजीची पत्रं इथे आली असतील. तिने डोळ्यांचं विचारलं असेल."

"वाईट कागद घरात ठेवत्यात व्हय?"

संध्याकाळी केसरताई परतल्या तेव्हा सुजित शिवदासबरोबर ओट्यावर येऊन बसला होता. पावलं ओळखून त्याने विचारलं, "बघूनच घेतला ना?"

खोटं बोलणं सोपं होतं. "अजून कळलं नाही," त्या म्हणाल्या. सुजित भिंत चाचपत आत गेला आणि परत पांघरूण घेऊन झोपला.

आता तळ्याकडचं गिऱ्हाईक आलं की माप घेताना केसरताई त्या घराची चौकशी करतात. गावात त्या वेळचं कुणी म्हातारं माणूस उरलंय का, बैलांच्या बाजाराला जाणारं? त्यांना एवढंच विचारायचं आहे: आईच्या मामाने तो बैल बघून घेतला होता, की हात लावून?