अर्धेवकिलांचं एक वाक्य

कौटुंबिक न्यायालयाच्या तळमजल्यावर, जिन्याखाली, जिथे उंच माणसाला मान वाकवून उभं राहावं लागतं, तिथे माझं झेरॉक्सचं मशीन आहे. मशीनला लागून एक टेबल. त्या टेबलावर एकतीस वर्षं एकच गृहस्थ बसले, आधी टाइपरायटर घेऊन आणि मग कॉम्प्युटर घेऊन. लोकांचे अर्ज, शपथपत्रं, परस्पर संमतीच्या घटस्फोटाचे कागद टाइप करून देणं हा त्यांचा धंदा. सगळी इमारत त्यांना अर्धेवकील म्हणायची. पाठीमागे नाही, तोंडावर. आणि त्यांना ते आवडायचं, कारण त्यातलं 'अर्धे' त्यांना कधी ऐकूच जायचं नाही.

दुसऱ्याचे कागद वाचायचे नाहीत असा माझा नियम आहे. पण डोळ्यांना काही मशीनसारखं झाकण नसतं. शेजारी बसून बसून मला त्यांचं काम पाठ झालं. नवराबायको आले की ते आधी दोघांना एकाच बाकावर बसवायचे. दोघं कुरकुर न करता बसले, तर म्हणायचे, "तुमचं काम तासाभराचं." एक जण उभाच राहिला, तर बोट वर करायचे, "दुसरा मजला. तिथे वकील बसतात." ही त्यांची परीक्षा. भांडण असेल तर वकील, नसेल तर अर्धेवकील.

वकिलांबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं. "एका वाक्याची तीन करतात आणि तिन्हींत कर्ता सापडत नाही," असं ते म्हणत. त्यातल्या एकीला मात्र त्यांनीच शिकवलं होतं. वकीलबाई पहिल्यांदा या इमारतीत आल्या तेव्हा कोणता कागद कोणत्या खिडकीत द्यायचा, समास किती सोडायचा, हे त्यांना या टेबलावर कळलं. आता दुसऱ्या मजल्यावर त्यांची स्वतःची खोली आहे, दारावर पाटी आहे, तरी खाली आल्या की त्या "काका" म्हणतात आणि हे त्यांना "पोरी" म्हणतात. मला ते "बाई" म्हणत. मी त्यांना भाऊ म्हणत असे. मनात अर्धेवकीलच.

आता त्यांच्या त्या वाक्याकडे येते. परस्पर संमतीच्या कागदात मुलाचा ताबा कुणाकडे, हे लिहावं लागतं. इथेच बाकावरची शांतता मोडते. बाईचं नाव लिहिलं की नवऱ्याचा चेहरा पडतो, नवऱ्याचं लिहिलं की बाई रडते, आणि मग तासाभराच्या कामाला दिवस लागतो. फार वर्षांपूर्वी अर्धेवकिलांनी यावर तोडगा काढला होता. एकच वाक्य, कुणालाही चालणारं: "अपत्य सध्या ज्या पालकाकडे राहत आहे त्याच पालकाकडे यापुढेही राहील." कुणाचं नाव नाही, त्यामुळे कुणाचा चेहरा पडत नाही. दोघं वाचायचे, मान हलवायचे, सही करायचे. ते वाक्य त्यांनी कॉम्प्युटरमध्ये कायमचं साठवून ठेवलं होतं. एक बटण दाबलं की उमटायचं. मला ते दाखवून म्हणाले होते, "बाई, या एका ओळीने मी जेवढी भांडणं मिटवली, तेवढी वर बसलेल्यांनी मिटवली नसतील." मीही तेव्हा हो म्हटलं होतं.

त्यांना बायको नव्हती, म्हणजे वारली होती. एकच लेक, रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला. जावई बरा माणूस. दोघांचं पटेना, एवढंच. मारझोड नाही, व्यसन नाही, शिवीगाळ नाही. एका घरात दोन शेजारी राहावेत तसे राहिले, कंटाळले आणि वेगळे राहू लागले. त्यांना सहा वर्षांची मुलगी होती. घरात तिला छोटी म्हणत. छोटी आईकडे राहील, बापाने हवं तेव्हा भेटावं, हे दोघांचं आपसात ठरलं होतं. त्यात कुणाचंच दुमत नव्हतं.

घटस्फोटाचे कागद अर्थातच बापाने केले. त्या सुमारास लेक नोकरीच्या प्रशिक्षणासाठी दीड महिना परगावी राहत होती आणि सहीपुरती एक दिवसाची रजा काढून आली होती. शाळा बुडू नये म्हणून तेवढ्यापुरती छोटी जावयाकडे होती. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. नातीला शाळेत सोडायला रोज सकाळी अर्धेवकील स्वतः जावयाच्या घरी जात होते आणि तिथून इमारतीत येत होते. आणि तरीही त्यांनी बटण दाबलं. ओळ उमटली. लेकीने सही केली, जावयाने केली. सहा प्रती मी काढल्या. मी ओळ वाचली आणि मलाही काही खटकलं नाही.

वकीलबाई तेव्हा माझ्या मशीनपाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "काका, मी एकदा नजर टाकू का?"

"यात बघण्यासारखं काय आहे? दोघांचं जमतंय. भांडण असतं तर आलो असतो तुझ्याकडे."

"तसं नाही काका. घरचं माणूस असलं की आपल्याला दिसत नाही कधीकधी."

"मला दिसत नाही?" ते हसले. "पोरी, तू शाळेत जात होतीस तेव्हापासून मी हे कागद करतोय."

वकीलबाई हसल्या आणि वर गेल्या. आपल्या गुरूला दोनदा विचारायचं नसतं, असं त्यांना वाटलं असावं. कागद दाखल झाला. न्यायाधीशांनी दोघांना विचारलं, मान्य आहे ना, दोघं हो म्हणाले, आणि काही महिन्यांनी हुकूम हातात आला. तोवर लेक परत आली होती आणि छोटी तिच्याकडे राहायला गेली होती. सगळं ठरल्याप्रमाणे. वर्षभर कुणी तो कागद उघडून पाहिला नाही.

वर्षाने जावयाची बदली दूरच्या शहरात झाली. आता छोटी आपल्याला दिसणारच नाही, हे त्याच्या लक्षात आलं असणार. त्याच्या आईच्या तर नक्कीच आलं. त्या बाईंनी कपाटातला हुकूम काढला, चष्मा लावला आणि सगळा वाचला. एवढ्या माणसांत तो पहिल्यांदाच कुणीतरी नीट वाचत होतं. मग त्यांनी मुलाला विचारलं, सहीच्या या तारखेला पोर कुणाकडे होती? तो म्हणाला, माझ्याकडे.

मी जावयाला वाईट म्हणणार नाही. बरा माणूस होता आणि बराच राहिला. फक्त त्याला आयती संधी मिळाली, आणि आयती संधी सोडणारी माणसं मी या इमारतीत फार पाहिलेली नाहीत. शाळा सुटायच्या वेळेला तो हुकूम घेऊन शाळेत गेला. वर्गाच्या बाईंनी कागद पाहिला, न्यायालयाचा शिक्का पाहिला आणि पोर त्याच्या हातात दिली. लेक अर्ध्या तासाने न्यायला गेली तेव्हा वर्ग रिकामा होता.

दुसऱ्या दिवशी लेक आमच्या जिन्याखाली आली. डोळे सुजलेले. बापाने हुकूम हातात घेतला, आपलीच ओळ वाचली, परत वाचली. "याचा अर्थ असा होत नाही," म्हणाले. मग म्हणाले, "असा अर्थ मला म्हणायचा नव्हता." कितीतरी नवरे माझ्यासमोर हेच बोललेले आहेत. बोलून कागदावरची ओळ कधी बदललेली नाही. त्यांनी अर्ज टाइप करायला घेतला, दोन ओळी लिहिल्या, पुसल्या. तिसऱ्यांदा पुसलं तेव्हा मीच म्हटलं, "भाऊ, वर चला." काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं चाललं होतं त्यांचं. मी मशीन बंद केलं आणि दोघांना दुसऱ्या मजल्यावर घेऊन गेले.

वकीलबाईंनी त्यांना एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. सगळं ऐकून घेतलं, तारखा लिहून काढल्या, मग म्हणाल्या, "काका, भांडणारी माणसं कागद दहादा वाचतात. ज्यांचं जमतंय ती वाचतच नाहीत. म्हणून त्यांच्यासाठी तिसऱ्या कुणालातरी तो वाचावा लागतो. मूल असेल तेव्हा तर लागतोच. आज जमतंय म्हणून पुढे बदली झाल्यावर, दुसरं लग्न झाल्यावर जमेल असं नाही ना."

"आता काय करायचं ते सांग," ते म्हणाले.

"मुलाच्या ताब्याचा हुकूम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नाही. परिस्थिती दाखवली तर बदलतो. पण वेळ लागेल. आणि तुम्हाला साक्ष द्यावी लागेल."

"काय म्हणून?"

"की कागद तुम्ही केलात. तुमच्या नेहमीच्या नमुन्यावरून केलात. हिला वकिलाचा सल्ला मिळालेला नव्हता." वकीलबाईंनी तारखांचा कागद बाजूला ठेवला. "आणि तुम्हाला कायद्याचं शिक्षण नाही."

ते शपथपत्र त्यांनी स्वतःच टाइप केलं, दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. बोटं नेहमीच्याच वेगाने चालत होती. शेवटच्या कलमाला थांबली. मी त्या वेळी शाई भरत होते, मुद्दाम हळू भरली. मग त्यांनी ती ओळ लिहिली आणि मला म्हणाले, "चार प्रती, बाई." मी काढल्या. अर्ध्या हळकुंडाने पिवळं झालेलं माणूस मी आयुष्यभर चेष्टेने पाहिलं होतं. त्या दिवशी चेष्टा सुचली नाही.

साक्षीला मी आत नव्हते. पुढचं वकीलबाईंनी सांगितलं, आणि त्या तिखटमीठ लावत नाहीत. जावयाचा वकील हुशार होता. त्याने अर्धेवकिलांना खोटं पाडायचा प्रयत्नच केला नाही, उलट हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. एकतीस वर्षांचा अनुभव, ना? हजारो कागद केलेत? तरुण वकील तुमच्याकडे शिकून जातात, खरं ना? या समोरच्या वकीलबाईसुद्धा तुमच्याकडेच शिकल्या? मग साहेब, एवढा जाणकार माणूस स्वतःच्या मुलीच्या कागदात चुकेल कसा? त्या तारखेला नात कुठे राहते हे तुम्हाला ठाऊक होतं. विचार करूनच ते वाक्य घातलंत, असंच ना?

आयुष्यभर हे कुणीतरी न्यायालयात मोठ्याने म्हणावं अशी त्या माणसाची इच्छा होती. आज म्हटलं गेलं आणि त्याला हो म्हणता येत नव्हतं. हो म्हटलं की नात गेली.

"नाही साहेब," अर्धेवकील म्हणाले. "मी विचार केला नाही. मी बटण दाबलं. मी टायपिस्ट आहे."

मग न्यायाधीशांनीच विचारलं, "हे वाक्य तुम्ही आणखी किती कागदांत घातलं आहे?"

"मोजले नाहीत."

"त्यातलं कुणी तक्रार घेऊन परत आलं?"

"नाही, कुणी आलं नाही."

न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं. कुणी परत आलं नाही म्हणजे सगळे सुखात आहेत, असं आम्ही दोघं जिन्याखाली बसून इतकी वर्षं समजत होतो. आमच्याकडे परत यायला कुणाला तोंड तरी कुठे होतं? वाचून सही केली होती ना त्यांनी.

न्यायाधीश छोटीबरोबर वेगळ्या खोलीत बोलले. काय बोलले ते कुणाला कळलं नाही. शाळेचं वर्ष संपेपर्यंत मुलगी बापाकडे राहील, त्यानंतर आईकडे, मोठ्या सुट्ट्या बापाकडे, असा हुकूम झाला. दोघांचीही नावं घालून, तारखा घालून. पोर नेल्यापासून परत मिळेपर्यंत आठ महिने गेले. तेवढे आठ महिने लेक एक रविवार सोडून एक रविवार चार तासांचा प्रवास करून जावयाच्या नव्या शहरात दोन तास मुलीला भेटत होती.

शाळेला सुट्टी लागली त्या दिवशी लेक हुकुमाच्या प्रती काढायला माझ्याकडे आली. एक शाळेला द्यायची, एक जवळ ठेवायची. अर्धेवकील टेबलापाशी होते. काहीतरी बोलायला हवं म्हणून ते म्हणाले, "मार्गी लागलं एकदाचं. तुझ्या लक्षात आलं असतं तरी वेळेवर... पण तुला कुठे कळणार होतं."

लेक गरम प्रती जुळवत होती. तिने वर पाहिलं नाही.

"आलं होतं लक्षात," ती म्हणाली.

"कधी?"

"सही करायच्या आधी. छोटी तेव्हा त्यांच्याकडे होती ना, म्हणून ती ओळ वाचून कसंतरी झालं. तुम्ही मुद्रांक आणायला गेलात तेव्हा मी दुसऱ्या मजल्यावर जाऊन आले. दारापर्यंत."

"मग?"

"मग परत आले. सगळ्या इमारतीत बोलणं झालं असतं, बाबा. अर्धेवकिलांच्या लेकीने वकील केला."

तिने प्रती पिशवीत घातल्या, मला पैसे दिले आणि मुलीला आणायला निघून गेली. अर्धेवकील उभेच होते. मला म्हणाले की स्वतःला, कळलं नाही, "झालं असतं, तर झालं असतं."