बॅरोमीटरच्या मागचा स्क्रू

दुरुस्तीला आलेली वस्तू गिऱ्हाईक घेऊन जातं, तिच्याबरोबर आलेला किस्सा मात्र दुकानातच राहतो. गिरगावातल्या आमच्या दुकानात बॅरोमीटर दुरुस्त होतात, थोडे विकलेही जातात. मालक नेनेकाका आणि मी, दोघंच. आठ वर्षांत इतके किस्से साठलेत की ते ठेवायला दुसरा गाळा लागेल! मला चारचौघांत बोलता येत नाही, म्हणून लिहितो.

*

नववीत शाळा सोडून मी इथे आलो. पहिल्याच दिवशी काकांनी एक बॅरोमीटर उघडून दाखवला. आत पत्र्याची चपटी डबी.

"हिच्यातली हवा काढून घेतलीय. बाहेर हवेचा दाब वाढला की डबी दबते, उतरला की फुगते. त्यावर काटा हलतो. काटा खाली यायला लागला की समजायचं, पाऊस-वारा येतोय."

"हवेला वजन असतं?" मी घाबरत विचारलं.

"शाळेत नाही शिकवलं?"

"त्या दिवशी मी गैरहजर होतो."

काका हसले. म्हणाले, "पूर्वी डबी नव्हती. पारा भरलेली काचेची उंच नळी असायची. तुझ्यासारखे धांदरट लोक ती फोडायचे, म्हणून कोणीतरी ही डबी शोधली!"

*

करी रोडच्या चाळीतले एक गृहस्थ टॉवरमध्ये एक्केचाळिसाव्या मजल्यावर राहायला गेले. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन. "अहो, बाहेर कडक ऊन आहे आणि तुमचा काटा वादळ दाखवतोय!"

काका म्हणाले, "साहेब, तुम्ही वर गेलात, दाट हवा खालीच राहिली. उंचीवर दाब कमी. माणूस पाठवतो."

बॅरोमीटरच्या मागे एक बारीक स्क्रू असतो. तो फिरवून काटा घराच्या उंचीला जुळवायचा. दोन मिनिटांचं काम. मी ते करत असताना त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "चाळीत कसं छान चालत होतं हे!"

गृहस्थ खिडकीतून खाली बघत म्हणाले, "चाळीत सगळंच छान चालत होतं गं."

*

परळचे एक जण लग्नात भेट द्यायला पितळी बॅरोमीटर घ्यायला आले. म्हणाले, "काटा कायमचा 'फेअर'वर, म्हणजे निरभ्र हवेवर फिक्स करून द्या. नव्या जोडप्याला शुभ!"

काकांनी बॅरोमीटर परत कपाटात ठेवला. "त्यापेक्षा सूर्याचं चित्र द्या. खोटं बोलणारा काटा या दुकानातून बाहेर जात नाही!"

*

शेजारच्या गल्लीतले अप्पा रिटायर्ड हेडक्लार्क. रोज आंघोळ करून बरोबर दहा वाजता घरच्या बॅरोमीटरच्या काचेवर टिचकी मारतात. एकदा मला म्हणाले, "माझ्या टिचकीत काहीतरी आहे हं! रोज काटा थोडा वर सरकतो."

खरं म्हणजे सकाळी दहाच्या सुमाराला हवेचा दाब रोजच थोडा चढतो. मी काकांकडे बघितलं.

काका गंभीरपणे म्हणाले, "अप्पा, टिचकी सोडू नका. अख्खं गिरगाव तुमच्यावर आहे!"

*

कफ परेडच्या मच्छीमार नगरातून हिराबाई आल्या. पदराखाली नवऱ्याचा बॅरोमीटर. नवरा तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख.

"बिघडला नाय," त्या म्हणाल्या. "ह्यांचं काळीज कमजोर झालंय. डॉक्टरनं दर्यावर जायला बंदी केलीय. पण ह्ये ना डॉक्टरचं ऐकत, ना माझं. ऐकतात फक्त ह्या काट्याचं. काटा पावसावर ठेवा, दादा. गेले तर परत येतील का, म्हायत नाय."

मला परळचं गिऱ्हाईक आठवलं. काकांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. मग चपला घातल्या.

"मी चहा पिऊन येतो."

आठ वर्षांत काका चहाला बाहेर गेले नव्हते. चहा दुकानातच येतो.

दाराशी थांबून, मागे न बघता म्हणाले, "चुकायचंच तर या बाजूला चुकलेलं बरं."

मी स्क्रू फिरवला. काटा 'रेन'वर आला.

आठवड्याने तांडेल स्वतः हजर! बॅरोमीटर टेबलावर उपडा ठेवला आणि विचारलं, "ह्यो स्क्रू कोणी फिरवला?"

काकांनी पेपरात तोंड खुपसलं. शेवटी मी शाळेत करायचो तसा हात वर केला.

तांडेल वाकून हळूच म्हणाले,

"कमी फिरवलास रे पोरा. सकाळी दहाला काटा 'रेन' सोडून वर येतो, न् तिचा जीव घाबरा होतो. आजून थोडा फिरव!"