आधी काठ, मग पोट

ठोकेकाकांचं खरं नाव घरातल्या कागदांवर असेल तेवढंच. बाकी सगळ्यांना ते ठोकेकाका. हाताला समज आली तेव्हापासून त्यांनी तांबं आणि पितळ ठोकलं होतं. चेपलेलं पातेलं त्यांच्या दारात यायचं ते फुगलेलं तोंड घेऊन आणि जायचं ते हसत. हातोडी हातात आली की त्यांना वाटायचं, आपलं ऐकणार नाही असा पत्रा अजून कोणी लाटलेला नाही. आणि हे त्यांना उगीच वाटत नव्हतं.

म्हणून त्यांच्या बायकोची जुनी गाडी पाठीत दणका खाऊन अंगणात आली, तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला नाही. बाह्या वर सारल्या.

बायको फिरती नर्स. सगळे तिला नर्सताई म्हणत. रेल्वेच्या फाटकापाशी ती शहाण्यासारखी थांबली होती आणि मागून पाण्याचा टँकर, ब्रेक लागता लागता, येऊन आदळला. तिला खरचटलंसुद्धा नाही. पण डिकी अशी चेपली, की झाकण अर्धवट उघडं राहून जांभई दिल्यासारखं दिसत होतं. घरी येईपर्यंत त्या फटीतून गाडीचाच धूर आत शिरला आणि तिचं डोकं ठणकायला लागलं.

दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ आला. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, “दाजी, भंगारवाल्याशी बोललोय मी. म्हणाल तेव्हा उचलून नेईल.”

“तुझ्याशी बोलायला त्याला वेळ मिळतो म्हणजे धंदा बसलेला दिसतोय त्याचा.”

“ही गाडी आहे, किटली नव्हे.”

“किटलीला चारी बाजूंनी तोंड दाखवावं लागतं, बाबा. हिची नुसती पाठच चेपलीय.”

मेहुणा बहिणीकडे वळला. “ताई, तूसुद्धा थकलीस आता. बस की घरी.”

“मी थकले हे तुला कोणी सांगितलं? तुझ्या गुडघ्यांनी?”

तो हसत गेला, पण त्याचं बोलणं मागे राहिलं. नर्सताई पायरीवर बसली. “कचेरीतून विचारलंय,” ती म्हणाली. “गाडी नसेल तर या आठवड्यानंतर माझी फेरी दुसरीला देणार. ती टेकडीपलीकडची म्हातारी पट्टी बदलायला माझ्याशिवाय कोणाला हात लावू देत नाही. आणि खरं सांगू? मलाही तिच्याशिवाय करमत नाही. मला घरी बसायचं नाही, अहो.”

“बसवतंय कोण तुला?” ठोकेकाका म्हणाले आणि गाडीखाली शिरले.

पेट्रोलची टाकी बाहेरून कोरडी होती, कुठे ठिबकत नव्हती. त्यांनी बंपर उतरवला, मागचे दिवे काढले, डिकी रिकामी केली. स्टेपनी मात्र तिच्या खळग्यातून निघेना. ‘राहू दे, मग बघू,’ म्हणून त्यांनी तिला तशीच ठेवली आणि मागच्या पत्र्याला भिडले. आतून लोखंडाचा ठोकळा धरायचा, बाहेरून हातोडी. बाहेरून ठोकळा, आतून हातोडी. ठण, ठण, ठण. त्या आवाजाला एक चाल होती. ती ऐकून शेजारची म्हातारी माणसं दारात येऊन उभी राहिली. किती वर्षांनी असं काम ऐकलं, म्हणाली. ठोकेकाकांचा हात आणखी रंगला. दुपारपर्यंत पत्रा असा सपाट झाला की त्यात ऊन सरळ पडलं.

मग त्यांनी झाकण खाली ओढलं. ते लागलं नाही. कुलपाची जीभ आणि तिचं बीळ यांच्यात तळहात मावेल एवढं अंतर होतं. त्यांनी सपाट केलेल्या पत्र्यावर बोट टेकवलं. पत्रा आत गेला, टक. बोट काढलं, बाहेर आला, टक. डब्याच्या झाकणासारखा. ठोकून ठोकून त्यांनी तो ताणून ठेवला होता. तांबं ताणलं की भांडं मोठं होतं. इथे वाढलेल्या पत्र्याला जायला जागाच नव्हती.

नर्सताई चहाचा कप घेऊन आली. तिने एकदा झाकणाकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे.

“बाहेरून मलम छान लावलंत,” ती म्हणाली. “आतलं हाड बघितलंत का?”

ठोकेकाकांनी चहा घेतला नाही. ते वाकून स्टेपनीकडे बघत राहिले. चाक गोल होतं, खळगा अंडाकृती. चाक अडकलं नव्हतं. खळग्याने त्याला आवळलं होतं. दणका पत्र्यावर बसला खरा, पण थांबला नव्हता. तो तळातून पुढे गेला होता आणि अख्खी डिकीच आखूड झाली होती.

आणि मग त्यांना मनातल्या मनात स्वतःच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटली. काठावर पडून चेपलेलं पातेलं आलं की ते आधी त्याच्या पोटाला हात लावत का? कधीच नाही. आधी काठ गोल करायचा, मग पोटाकडे वळायचं. उभ्या आयुष्यात हा नियम मोडला नव्हता. गाडीचा चकचकीत पत्रा दिसला आणि माणूस भुलला.

“गाडी तुला चालवावी लागेल,” ते म्हणाले. त्यांना गाडी चालवता येत नव्हती, आणि ते त्यांनी कधी लपवलं नव्हतं. “ज्या वाटेने दणका आत गेला, त्याच वाटेने बाहेर काढायचा.”

त्यांनी जाड साखळी आणली. एक टोक गाडीच्या तळाच्या वाकलेल्या आडव्या पट्टीला, दुसरं कुंपणाजवळच्या जुन्या झाडाला, सालीला लागू नये म्हणून मध्ये पोती. साखळीवरही एक ओलं पोतं टाकलं, तुटलीच तर उसळू नये म्हणून. शेजाऱ्यांना त्यांनी घरात पाठवलं आणि स्वतः गाडीच्या कडेला, साखळीच्या रेषेबाहेर उभे राहिले. एक हात पत्र्यावर.

“पहिला गियर. सुईएवढी पुढे जा.”

“सुई टोचायची असते, अहो, चालवायची नसते.”

“मग टोच.”

साखळी ताणली. गाडी थरथरली. ठोकेकाकांनी डोळे मिटले. धातू बोलतो, ऐकणारा हवा. आधी नुसती कुरकुर आली, मग लांबलचक कण्हणं. “थांब. तशीच धर.” ताणलेल्या तळावर त्यांनी लाकडी हातोडीने हळूहळू थोपटलं, झोप लागत नसलेल्या लेकराला थोपटावं तसं. प्रत्येक थापेला तळ थोडा सैल होत होता. “अजून एक सुई.” कण्हणं पुन्हा सुरू झालं, आणि मग आतून दबलेला आवाज आला, मोठ्या माणसाने पाठ मोकळी करावी तसा.

“मोडलं का काही?” तिने विचारलं.

“नाही. जागेवर आलं.”

त्यांनी स्टेपनीला हात घातला. ती अलगद वर आली.

ताणलेला पत्रा मात्र पूर्ववत होणार नव्हता. टाकीशेजारी जाळ धरून तो आकसवायला त्यांनी नकार दिला. त्यांनी त्याला आतून एक पट्टी जोडली. तरी दाबला की तो बारीक टक म्हणायचा. म्हणू दे, ते म्हणाले, माझी चूक आहे, तिला बोलायचा हक्क आहे.

दिवे आणि बंपर परत चढवले, कुलूप बसवलं, नवं रबर बसवलं. झाकण लागलं. पण लागणं वेगळं आणि बंद होणं वेगळं. ठोकेकाका चपला काढून डिकीत शिरले आणि गुडघे पोटाशी घेऊन आडवे झाले.

“हे काय चाललंय?”

“बंद कर वरून. जिथून उजेड येईल, तिथून धूर येईल.”

झाकण खाली आलं. आत रबराचा आणि जुन्या औषधांचा वास होता. डाव्या कोपऱ्यात केसाएवढी उजेडाची रेघ दिसली. त्यांनी ठोठावलं, बाहेर आले, बिजागरी जराशी सरकवली, पुन्हा आत गेले. झाकण पुन्हा लागलं.

आता वर, खाली, कडेला, कुठेच काही नव्हतं. स्वतःचा हातसुद्धा दिसत नव्हता. इतका चांगला काळोख त्यांनी आजवर कधी बनवला नव्हता. ते क्षणभर तसेच पडून राहिले.

बाहेरून आवाज आला, “दिसतंय का काही?”

“काही नाही.”

“काहीच नाही?”

“काही म्हणजे काहीच नाही.”

तिने झाकणावर एक थाप मारली. मग म्हणाली, “मग कचेरीत कळवते मी, सकाळी फेरीला निघणार म्हणून.” आणि तिची पावलं घराकडे जाऊ लागली.

“अगं, कळव की,” डिकीतून ठोकेकाका म्हणाले, “पण आधी मला बाहेर काढ.”